शोभनाकाकूंचा सिग्नल

आधीच सांगते, ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. मध्येच कुणी दात काढले तर मी तिथेच थांबेन.

कारण हे मी कुठे वाचलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय.

सिद्धेश त्याचं नाव. आम्ही सगळे सिद्धू म्हणतो. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल आहे, तिथे राहतो. बायको चारुता आणि पाच वर्षांची अनया. मी राहते न्यू जर्सीत, आयसेलिनला. पण त्या दिवसांत रोज फोनवर होते. चारुताचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय. थापा मारणाऱ्या बाईचा आवाज तसा नसतो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेलेली. शनिवारची संध्याकाळ. बाहेर गुडघाभर बर्फ.

चारुताकडे हळदीकुंकू होतं. नव्या घरातलं पहिलं.

आणि त्या हळदीकुंकवाला एक बाई अशी आली... जी परत गेलीच नाही.

पण थांबा. आधी त्या डबीचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

सिद्धू आयटीतला. नवीन काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. त्याचं हे खूळ असं, की मोबाइल कंपनी नको, टॉवर नको. लोकांनीच आपापल्या खिडकीत एक छोटी डबी ठेवायची, बोटभर अँटेनावाली. तो तिला हॉटस्पॉट म्हणतो, मी डबी म्हणते. आसपास एखादं बारकं यंत्र असलं, कुत्र्याच्या पट्ट्यातलं म्हणा, सायकलला लावलेलं म्हणा, ते अधूनमधून 'मी इथे आहे' एवढंच बोलतं. डबी ते ऐकते. आणि कुठल्या डबीने ऐकलं, किती जवळून ऐकलं, याची नोंद ब्लॉकचेनवर जाते. म्हणजे एका कुणाकडे नाही, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकदम.

"ताई, यातली गंमत काय माहितीये?" तो मला म्हणायचा. "याला मालकच नाही. कुणी बंद करू शकत नाही. आणि नोंद खोटी घालता येत नाही, की पुसता येत नाही."

मी म्हणायचे, बरं बाबा, जेवलास का?

आता ते वाक्य मला आठवायलाही नको वाटतं.

तर, या डब्या सिद्धूच्या भागात घरोघरी आल्या त्या सुमंतकाकांमुळे.

सुमंतकाका तिथले जुने. भूल देणारे डॉक्टर, रिटायर झालेले. आमच्यासारखे लोक बॅगा घेऊन उतरायच्या कितीतरी आधी आलेले. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी अडीअडचणीला ते उभे राहिलेत. त्यांची बायको शोभनाकाकू. काकूंना शेवटी विसरायचा आजार झाला.

त्या आजारात काकूंची एकच गोष्ट चालायची. घरातून निघायच्या, दिसेल त्या दाराची बेल वाजवायच्या आणि विचारायच्या,

"आमचं घर हेच का?"

स्वतःच्या दारात उभं राहूनही हेच विचारायच्या. लोक समजून घ्यायचे. 'नाही हो काकू, पुढचं' म्हणायचे. काका येऊन घेऊन जायचे.

मुलगी राधिका कॅलिफोर्नियात असते. तिने घाबरून एक यंत्र पाठवलं, पेंडंटएवढं. काकांनी ते काकूंच्या कार्डिगनच्या खिशात ठेवून खिसा शिवून टाकला. काकू कुठे गेल्या तरी कुणाची तरी डबी ऐकेल, असा हिशोब.

हळदीकुंकवाच्या आदल्या हिवाळ्यात एका दुपारी काकांचा डोळा लागला. काकू निघाल्या. या वेळी घरांकडे नाही गेल्या. मागे फॉरेस्ट प्रिझर्व्ह आहे, झाडी आणि एक तळं. तिकडे गेल्या.

यंत्र बोलत होतं. पण तळ्याच्या बाजूला एकही डबी नव्हती.

काकू दुसऱ्या दिवशी सापडल्या. तळ्याकाठच्या बाकावर बसलेल्या होत्या. यंत्र तेव्हाही चालू होतं.

"ती सांगत होती रे," काका सिद्धूला म्हणाले होते. "ऐकायला कुणी नव्हतं."

त्यानंतर त्या माणसाने एकच ध्यास घेतला. स्वतःच्या पैशांनी डब्या आणायच्या आणि मंडळातल्या ज्याचं घर त्या भागात असेल त्याच्या खिडकीत ठेवायच्या. पुन्हा कुणाचं माणूस असं जायला नको. काकांना नाही कोण म्हणणार? तळ्यापलीकडच्या पद्मिनीने ठेवली, बाकीच्यांनीही ठेवली.

सिद्धू आणि चारुता त्यानंतरच्या उन्हाळ्यात नेपरव्हिलला आले. काकूंना त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनी जे घर घेतलं, ते नेमकं तळ्यापाशी. मागच्या खिडकीतून तळं दिसतं.

काका डबी घेऊन स्वतः आले. हातात श्रीखंडाचा डबाही होता. "तेवढाच एक कोपरा उरलाय बघ," म्हणाले.

सिद्धूला काय, खेळणंच मिळालं. त्याने डबी लावली. वर काकांच्या सगळ्या डब्यांची देखभालही अंगावर घेतली. काकांचं अ‍ॅप आपल्या फोनवर घेतलं, कुठल्या डबीने काय ऐकलं ते दाखवणारं.

डिसेंबरातली गोष्ट ही.

काही दिवस गेले. सिद्धू घरून काम करत होता. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, बर्फावर नजर ठरत नव्हती. फोन वाजला. अ‍ॅपचा मेसेज होता.

'शोभना... आत्ता ऐकू आलं.'

काकांनी त्या यंत्राला बायकोचंच नाव दिलेलं होतं.

ऐकणारी डबी एकच. सिद्धूची. सिग्नल अगदी क्षीण. म्हणजे लांबून. तळ्याच्या बाजूने.

त्याला वाटलं, काकांनी यंत्र पुन्हा चालू केलं असेल, आठवण म्हणून. गाडी काढून तो काकांकडे गेला. सहज विचारावं तसं विचारलं. काकांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेलं यंत्र आणून त्याच्या हातावर ठेवलं.

आत बर्फाचं पाणी शिरून गंजलेलं. बॅटरी काढून टाकलेली. सिद्धूने नखाने झाकण उघडून बघितलं. आत नुसती पोकळ जागा.

यंत्र त्याच्या तळहातावर होतं... आणि खिशातला फोन पुन्हा वाजला.

'शोभना... आत्ता ऐकू आलं.'

दुसऱ्या कुणी त्या यंत्राचं सोंग घेतलं म्हणावं, तर तेही जमत नाही. प्रत्येक यंत्राची आपली एक गुप्त किल्ली असते, तिच्याशिवाय नोंदच होत नाही. मला छाती ठोकून सांगायचा ना, खोटं घालता येत नाही म्हणून? आता त्याच्याच गळ्यात आलं.

काका घाबरले नाहीत. त्यांनी फोन अलगद काढून घेतला, चष्मा वर करून वाचलं.

"म्हणजे निघाली ती," ते म्हणाले.

मग ते उठले आणि त्यांनी पुढच्या दाराची कडी काढून ठेवली. एवढ्या थंडीत.

सिद्धूने चारुताला यातलं काही सांगितलं नाही. आमच्या घरातल्या पुरुषांची ही जुनी खोड. बायकोला कशाला घाबरवा म्हणून गप्प बसायचं आणि मग सगळ्यांनाच खड्ड्यात घालायचं. मला कळलं तेव्हा मी त्याला इतकी बोलले, इतकी बोलले, की फोनच त्याने अनयाच्या हातात दिला.

तर, ते हळदीकुंकू.

साडेचार-पाचलाच तिथे अंधारून येतं. घर बायकांनी भरलेलं. दारात बुटांचा ढीग, कोट एकावर एक टाकलेले. चारुताची नुसती धावपळ. सिद्धू अनयाला घेऊन वरच्या खोलीत.

बेल वाजली. चारुताने दार उघडलं.

एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. हिरवी साडी, वर मरून रंगाचं कार्डिगन. कोट नाही, टोपी नाही, पायात साध्या सपाता. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

चारुताला वाटलं, कुणाची तरी आई आलेली असेल इंडियाहून. मुलीने गाडीतून उतरवलं असेल आणि ती पार्क करायला गेली असेल. हिवाळ्यात येणाऱ्या आईंना कोट घालायचा कंटाळा असतोच.

त्या बाईंनी मान जरा वाकडी करून विचारलं,

"आमचं घर हेच का गं?"

आता सांगा, तुम्ही काय म्हणाल? सणाच्या दिवशी, दारात आलेल्या सवाष्णीला, आईच्या वयाच्या बाईला? आपल्याकडे कुणी म्हणेल का, की नाही हो, हे तुमचं नाही?

चारुता हसून म्हणाली, "हो काकू, हेच. या ना आत."

बाईंचा चेहरा असा काही उजळला म्हणे, की चारुतालाच भरून आलं.

त्या आत आल्या. सोफ्याच्या कोपऱ्यात बसल्या. चारुताने हळद लावली, कुंकू लावलं.

कपाळ थंडगार होतं. बर्फाच्या लादीसारखं. आणि कुंकू... टेकतच नव्हतं. बोट उचललं की बोटावरच राहायचं.

'बाहेरून आल्यात, गारठल्यात,' असं मनात म्हणत ती चहा आणायला वळली. तिच्या त्या बोटाची बधिरी रात्री जेवेपर्यंत गेली नाही.

मग आणखी बायका आल्या. तिळगूळ, वाण, फोटो, गप्पा. चहाचा कप सोफ्यापाशी तसाच राहिला. चारुता सांगते, घर एवढं भरलेलं, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या... पण सोफ्याच्या त्या कोपऱ्यात कुणी बसलं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नुसतंच कुणी बसलं नाही.

पद्मिनी सगळ्यात शेवटी आली. तळ्याच्या पलीकडे राहते ती. सगळ्या गेल्यावर दोघी आवरायला लागल्या. चारुताने विचारलं,

"अगं, त्या हिरव्या साडीतल्या काकू कुणाकडच्या? निघताना दिसल्याच नाहीत. येते म्हणूनही गेल्या नाहीत."

"कुठल्या काकू?"

"कार्डिगन घातलेल्या. कोट नव्हता बघ अंगावर. दारात विचारलं, आमचं घर हेच का म्हणून."

पद्मिनीच्या हातातलं तबक ओट्यावर आपटलं.

"चारुता, काय म्हणालीस तू त्यांना?"

"हो म्हटलं. का गं?"

पद्मिनी खुर्चीवर बसली. त्याच आठवड्यात, दुपारी, तिच्याकडेही बेल वाजली होती. तिने आतूनच डोअरबेलच्या स्पीकरवर विचारलं, कोण आहे? बाहेरून आवाज आला, आमचं घर हेच का? पद्मिनी फोनवर होती, लक्ष नव्हतं. नाही, पुढे बघा, म्हणून मोकळी झाली. मग आवाज ओळखीचा वाटला, म्हणून तिने कॅमेरा बघितला.

दारात कुणी नव्हतं. नुसता बर्फ. पाऊल उमटलेलं नाही, असा.

तिने सांगितलं नव्हतं कुणाला. कोण विश्वास ठेवणार? आता ती रडत रडत शोभनाकाकूंचं सगळं सांगायला लागली.

वरून सिद्धू खाली आला. हातात फोन. अ‍ॅपवर तेच नाव होतं. डबी त्याचीच. फक्त सिग्नल आता क्षीण नव्हता.

एका खोलीत असल्यासारखा होता.

त्या रात्री सिद्धूने डबीची वायर उपटली. काय उपयोग? तासाभराने पद्मिनीच्या डबीने ऐकलं. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याच्या डबीनेही. तीन-चार डब्यांच्या नोंदींचा मेळ घातला की जागा कळतेच. जागा तीच. त्याचं घर. तक्रार करायला कंपनी नाही, बंद करा म्हणायला मालक नाही. हौसेने सांगायचा ना सगळ्यांना? त्याने गुपचूप वायर पुन्हा लावली. निदान त्या घरात कुठे आहेत ते तरी कळेल म्हणाला.

पुढचे दिवस...

तसं म्हटलं तर काहीच झालं नाही. कुणी किंचाळलं नाही, काही पडलं नाही.

दुधाची बाटली कपड्यांच्या कपाटात सापडायची. सिद्धूचा मोजा फ्रिजमध्ये, नीट घडी घालून. ओट्यावर दोन कप मांडलेले असायचे, चारुताने न मांडता. हीटर कितीही वाढवला तरी सोफ्याचा तो कोपरा गार.

आणि संध्याकाळ झाली की... दाराच्या मुठीचा आवाज. आतून. कुणी हळूच फिरवून बघतंय आणि सोडून देतंय.

चारुता मला फोनवर म्हणाली, "ताई, मला त्यांची भीती नाही वाटत. मला वाटतं मी त्यांना फसवलं."

मी म्हटलं, फसवलंस वगैरे काही नाही, तू माझ्याकडे निघून ये पोरीला घेऊन. ती म्हणाली वीकेंडला बघते.

वीकेंड आलाच नाही.

गुरुवारी दुपारी शाळेची बस येऊन गेली. चारुता स्वयंपाकघरात अनयाला खायला करत होती. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. बाहेर येऊन बघते तर...

अनया पुढच्या दारात उभी. बूट घातलेले, दप्तर पाठीला. कोट नाही. दार सताड उघडं आणि ती उंबऱ्याच्या बाहेर एक पाय टाकलेली.

"अनू, कुठे चाललीस?"

पोरीने मागे वळून बघितलं. रडत नव्हती. नुसती गोंधळलेली होती.

"काकू सेज धिस इज हर हाऊस," ती म्हणाली. "सो व्हेअर इज अवर्स, मम्मा?"

चारुताने तिला ओढून उचललं. पोरीचे हात गार पडलेले. आणि ती आईच्या खांद्यावरून घराकडे अशी बघत होती, की ते कधी पाहिलेलंच नाही.

"आपलं घर हेच आहे, सोन्या."

"नो," अनया म्हणाली. "यू टोल्ड हर इट्स हर्स."

तिने सिद्धूला हाक मारली आणि म्हणाली, काकांना आत्ताच्या आत्ता बोलव. आज माझी पोर बाहेर पाय टाकत होती, उद्या ती तळ्याकडे जाईल.

सुमंतकाका लगेच आले. कोट, टोपी, मफलर, सगळं नीट. दारातच थांबले. कुणी न सांगता त्यांची नजर सोफ्याच्या कोपऱ्याकडे गेली.

"शोभना," ते म्हणाले. "चल. घरी जाऊ."

सिद्धू फोनकडे बघत होता. सिग्नल हलला नाही.

काकांनी पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, जरा चिडून, संसारात म्हणतात तसं. सिग्नल जागच्या जागी.

काका हळूच खुर्चीत टेकले. "नाही यायची," ते म्हणाले. "आजारातही असंच. एकाने एक सांगितलं की तेच धरून बसायची, मग मी डोकं आपटलं तरी ऐकायची नाही. ज्याने सांगितलं त्यानेच मोडावं लागायचं."

आणि त्यांनी चारुताकडे बघितलं.

चारुता मला सांगते, ताई, बाळंतपण सोपं होतं. तिने अनयाला सिद्धूकडे दिलं. सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली. समोर रिकामा कोपरा. एका म्हाताऱ्या बाईला, अशा थंडीत, घराबाहेर जा म्हणायचं. आपल्या हाताने जिला हळदकुंकू लावलं तिला.

"काकू, माझं चुकलं," ती म्हणाली. "हे तुमचं घर नाही. तुमचं घर काकांकडे आहे. इथे आम्ही राहतो."



मग सोफ्याची स्प्रिंग... वाजली. कुणी उठलं की वाजते तशी.

गारवा चारुताच्या अगदी जवळून गेला. थांबला. तिला वाटलं, कुणीतरी चेहरा जवळ आणून आपल्याकडे बघतंय. ती मान खाली घालून उभी राहिली. बघायची हिंमत झाली नाही तिची.

काकांनी दार उघडलं. उजवा हात कोपरात वाकवला, कुणाला तरी धरायला द्यावा तसा.

"काका, मी गाडीने सोडतो," सिद्धू म्हणाला.

"गाडीत बसायला घाबरते ती. चालतच नेतो. लांब थोडंच आहे."

"मग मी मागून येतो."

"नको. मागे कुणी असलं की वळून बघत बसते. पोचलो की फोन करतो."

ते गेले. अंधार पडत होता. बर्फ पुन्हा सुरू झालेला. दिव्याच्या खांबाखालून जाताना दिसले, एकटेच, हात वाकवलेला, दुसऱ्याच्या चालीने हळूहळू जाणारे.

सिद्धू फोन घेऊन खिडकीत. त्याच्या डबीचा सिग्नल कमी होत गेला. मग आणखी कमी. रस्त्यावरच्या पुढच्या डबीने ऐकलं. बरोबर, काकांच्या घराचीच वाट. चारुताने पहिल्यांदा श्वास सोडला.

आता काकांच्या खिडकीतल्या डबीने ऐकायला हवं होतं.

ऐकलं नाही.

सिद्धू वाट बघत होता. मग पद्मिनीच्या डबीने ऐकलं. पद्मिनी राहते तळ्याच्या पलीकडे...

काकांच्या घराच्या उलट बाजूला.

सिद्धूने किल्ली उचलली आणि धावला.

काका तळ्याकाठच्या बाकावर बसले होते. तोच बाक. अंगात नुसता स्वेटर. ओठ निळे पडलेले. सिद्धूने स्वतःचा कोट त्यांच्या अंगावर टाकला, हात चोळले, हाका मारल्या. काकांनी डोळे उघडले.

"काका, इकडे कशाला आलात? घर तिकडे आहे."

"मी घराकडेच नेत होतो रे," काका म्हणाले. "तीच हात धरून इकडे घेऊन आली. इथे बसली आणि म्हणाली, आमचं घर हेच का?"

"मग?"

"फार दमली होती. तिला आणखी चालववेना मला." काका तळ्याकडे बघत होते. "मी हो म्हटलं."

काका वाचले. हॉस्पिटलात बरेच दिवस काढले, दोन बोटं गेली. त्यांचा कोट मात्र सापडला नाही. बर्फ वितळल्यावर सिद्धू दोनदा जाऊन शोधून आला. राधिका येऊन त्यांना कॅलिफोर्नियाला घेऊन गेली. जाताना काकांनी विमानतळावरून सिद्धूला फोन केला होता. "तळ्यावर लक्ष ठेव," एवढंच म्हणाले.

चारुताच्या घरात पुन्हा काही झालं नाही. अनया ते सगळं विसरली, निदान बोलत तरी नाही. आणि सिग्नल रोज यायचा. सिद्धूच्या डबीवर, क्षीण, तळ्याकडून. रोज. सिद्धूला त्याची सवय झाली होती. काकू आहेत तिथे, स्वस्थ आहेत, असं म्हणायचा.

एप्रिलमध्ये काका गेले. कॅलिफोर्नियातच, झोपेत.

त्या दिवसापासून... सिग्नल बंद झाला.

आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मी तर देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, सुटली बाई, भेटली नवऱ्याला.

सिद्धूला नाही पटलं. तो म्हणायचा, "ताई, बंद होणं म्हणजे पोचणं नाही. बंद होणं म्हणजे ऐकायला कुणी नसणं. काकू काकांना शोधायला निघाल्या असतील तर? इथून कॅलिफोर्नियापर्यंत मध्ये कितीतरी माळरान आहे, डोंगर आहेत. कुणाची डबी नाही तिथे."

मी त्याला रागावले. म्हटलं, फेकून दे आता ते अ‍ॅप.

त्याने फेकलं नाही.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, कॅलिफोर्नियाच्या वाटेवर, नेब्रास्कातल्या एका डबीने ऐकलंय. कुठल्याशा छोट्या गावात, शेतांच्या मध्ये. पहिल्या दिवशी क्षीण. दुसऱ्या दिवशी जवळून. तिसऱ्या दिवशी एका खोलीत असल्यासारखं.

आणि आज सकाळीही तिथेच.

डबी कुणाची, ते कळत नाही. ब्लॉकचेनवर माणसाचं नाव नसतं, फोन नंबर नसतो. नुसते आकडे असतात. सिद्धूने नकाशावर ती जागा काढली, घराचं छप्परही दिसतंय त्याला. पण कुणाला सांगणार आणि काय सांगणार?

तिथल्या माणसाला मराठी तर येत नसणार. दारात कोट न घातलेली म्हातारी बघून, तिचा प्रश्न न कळताच, त्याने बिचाऱ्याने मान हलवून आत घेतलं असेल. कुणीही घेईल.

सिद्धूने मला त्या घराचा फोटो पाठवलाय, उपग्रहावरून काढलेला. मी तो कालपासून मोठा करून करून बघतेय.

मागच्या अंगणात एक झोपाळा आहे. लहान मुलांचा.